गुलाबातला लसूण

"समाधीच्या गुलाबात हा लसूण कुणी लावला?"

प्रश्न चिद्घननं विचारला. हातात मातीसकट उपटलेलं रोप होतं. मेलेला उंदीर शेपटीला धरावा तसं त्यानं ते अंगापासून लांब धरलं होतं.

भैरूबुवा मठाच्या पायरीवर बसून पावट्याच्या शेंगा सोलत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"मी."

"आपण?"

"मी. का? मला हात नाहीत?"

मी चुलीपाशी होतो, पण कान बाहेर होते. मठात स्वयंपाक करणाऱ्याला कान बाहेर ठेवावेच लागतात.

हा चिद्घन म्हणजे बुवांचा थोरला शिष्य. घरचं नाव सोपान. ते त्याला पुरेना, म्हणून आल्या वर्षीच त्यानं स्वतःचं चिद्घन करून घेतलं. बुवांनी हरकत घेतली नाही. फक्त पुढं कितीतरी दिवस ते त्याला "अरे, काय रे तुझं नाव?" अशीच हाक मारायचे.

"महाराज," चिद्घन म्हणाला, "या मठाच्या चुलीला पिढ्यान्‌पिढ्या लसूण शिवलेला नाही."

"मग मी कुठं चुलीत लावलाय?"

"पण मठाच्या आवारात..."

"खायला नाही लावला. राहायला लावलाय."

बुवांची ही खोड जुनी. एकटं झाड म्हणून त्यांनी कधी लावलंच नाही. रोप हातात घेतलं की आधी विचारायचे, "ह्याच्या सोबतीला कोण?" मग वांग्यात झेंडू, टोमॅटोत तुळस, कोबीच्या वाफ्यात शेपू. शेपू दिसला की मी नाक मुरडायचो. बुवा म्हणायचे, तू खुशाल मुरड, अळीनंही मुरडलं म्हणजे झालं. आणि गुलाबात लसूण, कारण त्या उग्र वासाला माव्याची कीड सहसा जवळ येत नाही.

हे चिद्घनला ठाऊक नव्हतं असं नाही.

"मावा पडेल, माहीत आहे मला," तो म्हणाला. "पडू दे. मी हातानं वेचीन. पण समाधीच्या हाराला लसणाचा वास चालणार नाही."

"कुणाला चालणार नाही?"

"आद्य महाराजांना."

"त्यांनी सांगितलं तुला?"

आता हा हार काय प्रकार आहे ते सांगतो. आमच्या मठाचे पहिले बुवा माघी पौर्णिमेला गेले. त्या दिवशी त्यांच्या समाधीवर गुलाबाचा हार चढतो. फुलं मठाच्या बागेतलीच हवीत, बाहेरचं एक फूल चालत नाही. आणि गादी पुढं द्यायची असली, की हार पुढच्या वारसानं ओवायचा. हार समाधीवर चढला, की बुवा आपल्या खांद्यावरची शाल त्याच्या खांद्यावर टाकतात. झाला तो पुढचा बुवा. त्या वर्षी हार चिद्घन ओवणार होता. सगळ्यांचं ठरलेलं होतं. बुवांचंही.

म्हणून तर त्याचा आवाज चढला होता.

"आणि दुसरी गोष्ट, महाराज. ती इठाबाई."

बुवांनी शेंग सोलली. दाणे परातीत टाकले.

"तिचं काय?"

"ती गेली पाहिजे. पौर्णिमेच्या आत. ती इथं असेल तर मी शाल घेणार नाही."

इठाबाई पावसाळ्यात आली होती. एक गाठोडं घेऊन आली आणि पायरीवर बसून म्हणाली, "मला शिकायचंय." तिला परत जायला घर नव्हतं. ते तिनं स्वतःच सोडलं होतं, आणि सोडताना सासऱ्याला चार लोकांत असं काही सुनावलं होतं, की ते दार पुन्हा उघडण्यातलं नव्हतं. मठातून काढली असती तर तिला खरोखरच जागा नव्हती.

पण तोंड! काय सांगू. एकदा चिद्घन देह कसा नश्वर आहे, त्याचे लाड कसे करू नयेत, हे रंगात येऊन सांगत होता. ही मधूनच म्हणाली, "मग दुपारी झोपेतून उठवलं की चिडता कशाला?" सगळी मंडळी खो खो हसली. चिद्घनचे कान लाल झाले. तेव्हापासून ती त्याच्या डोळ्यांत सलत होती.

बुवांनी परात बाजूला सरकवली.

"लसूण तुझ्या हातात आहेच. सगळा उपट. पौर्णिमेपर्यंत बाग तुझी."

"आणि ती?"

"तिला मी लावलेली नाही. आपणहून उगवलीय. तिला तूच सांग."

चिद्घन तडक गेला. इठाबाई विहिरीवर कळशी भरत होती.

"तुम्ही हा मठ सोडावा."

"बुवांनी सांगितलंय?"

"मी सांगतोय."

"मग मी ऐकलं नाही," ती म्हणाली, आणि कळशी काखेला लावून चालू लागली.

त्याच दुपारी चिद्घननं बागेतला लसूण मुळापासून काढला. एक पात ठेवली नाही. गुलाबांची आळी खुरपून, झाडून अशी केली की पाहत राहावं.

"आता कशी बाग स्वच्छ झाली," तो म्हणाला.

लसणाचा ढीग त्यानं कुंपणाबाहेर टाकला.

इठाबाईनं तो पदरात भरून आणला. उंबऱ्याबाहेर दगड मांडला, हिरव्यागार पातीसकट लसूण ठेचला, त्यात मिरची, मीठ. आणि पायरीवर बसून भाकरीबरोबर खायला लागली. तो वास! खोटं कशाला बोलू, आत माझ्या तोंडाला पाणी सुटलं, आणि माझ्या हातातली आमटी मला अगदी पाणचट वाटायला लागली.

चिद्घन धावत आला.

"मठात लसूण?"

"मठ उंबऱ्याच्या आत. मी बाहेर आहे." तिनं घास घेतला. "तुम्हीच बाहेर टाकलात ना? मी बाहेरच खातेय."

"लाज वाटत नाही?"

"भूक लागली होती. एका वेळी एकच वाटतं मला."

बुवा ओसरीवर होते. ऐकत होते की डोळा लागला होता, कळलं नाही. खाऊन उरलेल्या लसणाची तिनं जुडी बांधली आणि गोठ्याच्या मेढीला टांगली. चिद्घन रोज गोठ्यावरून जाताना तोंड फिरवायचा, आणि ती जुडी रोज तिथंच असायची.

मग पौषात आभाळ आलं. ऊन नाही, पाऊस नाही, नुसतं कोंदट. बागायतदाराला असं आभाळ दिसलं की तो आधी शेंडे तपासायला धावतो. आणि मावा पडला. गुलाबाच्या कोवळ्या शेंड्यांवर, कळ्यांच्या देठांवर, हिरवे बारीक जीव, दाटीवाटीनं. पानं चिकट झाली. पाठोपाठ मुंग्या आल्या.

चिद्घन बोलल्याप्रमाणे कामाला लागला. पहाटेची पूजा झाली की बागेत. एकेक कळी बोटांत धरायची, मावा पुसायचा, पाण्यानं धुवायची, पुढची धरायची. दुपारचं जेवण तो विसरायला लागला. काट्यांनी हात भरले. सकाळी पुसलेली कळी संध्याकाळी पुन्हा भरलेली असायची, आणि तो पुन्हा पुसायचा. मला तो माणूस आवडत नव्हता, पण त्या दिवसांत मी त्याचं ताट झाकून ठेवायला लागलो.

एकदा इठाबाई कुंपणापाशी येऊन उभी राहिली.

"गोठ्यातला लसूण आणू? पात ठेचून पाण्यात घालू, शिंपडू..."

"नको."

"मरतील झाडं."

"मी आहे."

"हट्ट आहे हा."

"व्रत आहे."

"दोन्हीला उपाशीच राहावं लागतं वाटतं," ती म्हणाली, आणि निघून गेली.

मला राहवेना. मी बुवांना म्हटलं, "बुवा, तुम्ही एक शब्द बोललात तर तो ऐकेल."

"बाग त्याची आहे."

"फुलं राहणार नाहीत."

"नाही राहणार."

"मग हार?"

बुवांनी चुलीकडं बोट केलं.

"आमटी उतू चाललीय," ते म्हणाले.

पौर्णिमा उजाडली. आसपासच्या गावांतली माणसं आली. पंगतीसाठी दरवर्षी धान्य देणारे दाजी इनामदार पुढं बसले होते, पगडी सावरत. टाळ, झांजा, उदबत्त्या, सगळं होतं. चिद्घन आला. हातात फुलांची परडी.

परडीत मूठभर कळ्या होत्या. चिमलेल्या, वाकड्या, काळवंडलेल्या. एकही उमललेली नव्हती. त्यांचा हार काय, गजराही झाला नसता.

चिद्घन मान ताठ ठेवून उभा होता.

"अहो, एवढं काय त्यात?" दाजी म्हणाले. "गाडी पाठवतो. तालुक्याहून टोपलीभर गुलाब येतील. आरतीच्या आत."

"नाही," चिद्घन म्हणाला.

"नाही?"

"विकतचं फूल या समाधीवर चढलेलं नाही. माझ्या हातून चढणार नाही."

"अरे, मग शाल? आज हार नाही, तर शाल नाही. कळतंय ना? सगळे तुझ्यासाठी जमलेत."

"कळतंय."

"मग काय समाधी उघडी ठेवायची?" दाजींचा आवाज चढला. "बुवा, तुम्ही तरी बोला! ह्या शहाण्याला काही सांगा!"

बुवा उठले. माणसांतून वाट काढत बाहेर गेले. आम्हाला वाटलं, रागावून गेले. टाळ हातात तसेच राहिले.

बुवा परत आले तेव्हा त्यांच्या गळ्यात गोठ्यातली लसणाची जुडी होती.

वाळलेली पात, बारीक बारीक गड्डे, वर सुतळीची गाठ. ती जुडी छातीवर मिरवत बुवा आले आणि समाधीला टेकून बसले. सारा गाभारा लसणानं भरून गेला.

बायकांनी पदर नाकाला लावले. दाजी अर्धे उठले.

"बुवा! हे काय?"

"लसूण."

"ते दिसतंय! समाधीपाशी? आजच्या दिवशी?"

"गुलाब गेले. त्यांचा राखणदार तेवढा उरलाय. त्याला आणला."

"काढा तो. आधी काढा."

"मी नाही काढणार."

"बुवा, आमच्या आज्या-पणज्यांपासून हा मठ..."

"तुम्ही या," बुवा म्हणाले. आवाज चढला नव्हता, पण असा आवाज मी त्यांच्या तोंडून आधी कधी ऐकला नव्हता. "या, दाजी. तुमच्या हातानं उपटा. पण तो एकटा निघायचा नाही. मलाही उपटावं लागेल."

दाजी जागचे हलले नाहीत.

मग कुणीतरी झांज वाजवली. ती मीच वाजवली. आरती सुरू झाली. अर्धी माणसं म्हणत होती, अर्धी नाक धरून उभी होती. त्या वर्षी समाधीवर काहीच चढलं नाही. दाजी पंगतीला न बसताच गेले, आणि जाताना पुढच्या वर्षीच्या धान्याचं काय ते बघू, असं म्हणाले. बुवा म्हणाले, "बघा."

मंडळी पांगल्यावर चिद्घननं शाल आणली. शाल समाधीपाशी घडी करून ठेवलेली होती, त्याच्यासाठी. ती त्यानं बुवांच्या पायांशी ठेवली.

"मला नको ही."

"बरं."

"आपण आज लसणाचा मान केलात."

"हो."

"ती इथं राहणार?"

"हो."

"मग मी उद्या जातो."

"घडी नीट घाल," बुवा म्हणाले. "वाकडी झालीय."

चिद्घननं शाल पुन्हा उलगडली आणि नीट घडी घातली. त्याचे डोळे भरले होते. मी दुसरीकडं बघितलं.

सकाळी तो गाठोडं खांद्याला लावून निघाला. बुवा बागेत होते. मेलेल्या फांद्या छाटून गुलाबाचे नुसते खुंट उरले होते. शेजारी एक मडकं होतं. त्यात कार्तिकात लावून उरलेल्या बियाण्याच्या पाकळ्या होत्या, लसणाच्याच. त्यांना लांब मोड आले होते.

चिद्घन पाया पडला.

"निघालास?"

"हो."

"कुठं?"

"जिथं असलं काही नसेल तिथं."

"सापडलं तर कळव. मी काहीतरी लावायला येईन."

चिद्घन हसला नाही. बुवांनी खुरपं त्याच्यापुढं धरलं.

"जाता जाता एवढे खड्डे पाडून दे. खुंटांच्या भोवती. मला आता वाकवत नाही."

गाठोडं खाली ठेवून चिद्घन बसला. खड्डे पाडायला लागला. राग होता, पण काम नीटनेटकं. त्याचं काम नेहमीच नीटनेटकं असायचं.

एवढ्यात इठाबाई आली. गाठोडं बघितलं, त्याला बघितलं, आणि तिचा चेहरा उजळला. खोटं कशाला, जिंकलेल्या माणसाचा चेहरा होता तो.

"जाऊ द्या की त्यांना, बुवा. कशाला अडवताय?"

"मी कुठं अडवलंय?"

"खुरपं देऊन बसवलंय की. जाऊ द्या. हा माणूस गेला, की मठ कसा स्वच्छ होईल."

मी चुलीत लाकूड सारत होतो, तो थांबलो. हा 'स्वच्छ' शब्द मी याच बागेत चिद्घनच्या तोंडून ऐकला होता.

बुवांनीही ऐकला असावा. त्यांनी चिद्घनचा हात मनगटाला धरून वर ओढला, आणि पंजा उलटा करून तिच्यापुढं केला. काट्यांनी टोचून टोचून तो हात काळानिळा झाला होता. बोटांची पेरं सुजलेली होती.

इठाबाईनं बघितलं. मग नजर काढून घेतली.

"असतील हात," ती म्हणाली. आवाज जरा खाली आला होता, पण ती मागं हटली नाही. "पण ह्यांच्या मीपणाचा वास येतो, बुवा. अख्ख्या मठाला येतो. मला इथून हाकलायला निघाले होते. मी कुठं गेले असते? तुम्ही तरी विचारलंत का त्यांना, मी कुठं जाणार होते?"

चिद्घनचं खुरपं थांबलं. मान खाली गेली, आणि मी त्याला ओळखायला लागल्यापासून ती पहिल्यांदाच गेली.

बुवांनी मडक्यातून मोड आलेल्या पाकळ्या घेतल्या आणि इठाबाईच्या हातावर ठेवल्या.

"लाव."

"माघात? ह्याला गड्डा नाही धरायचा."

"गड्डा कुणाला हवाय? पात तर येईल."

"आणि मी ह्यांनी पाडलेल्या खड्ड्यात लावू?"

"दुसरे खड्डे नाहीत."

"मी लसणाला हात लावणार नाही," चिद्घन खाली बघतच म्हणाला.

"लावू नकोस. माती तरी लोटशील?"

"मी जातोय, महाराज."

"माती लोटून जा."

"मी नाही लावत ह्यांच्या खड्ड्यात," इठाबाई म्हणाली.

दोघंही तशीच. तो बसलेला, ती उभी. त्याच्या हातात खुरपं, तिच्या मुठीत पाकळ्या. दोघांच्या मध्ये छाटलेला गुलाबाचा खुंट. गाठोडं बाजूला पडलेलं.

बुवा कण्हत कण्हत दोघांच्या मध्ये उकिडवे बसले. आधी चिद्घनकडं तोंड करून त्यांनी नाकानं मोठा श्वास ओढला. मग इठाबाईकडं वळून ओढला. तोंड वाकडं केलं.

"वास मला दोघांचाही येतो," बुवा म्हणाले. "लावा."